तापीचा सोमवार

सुरतेच्या पर्वत पाटिया भागात साड्यांची पेढी असलेले एक शेठ दर मंगळवारी सकाळी आमच्या प्राणिसंग्रहालयात यायचे. तिकीट काढायचे, माकडांकडे, मोरांकडे ढुंकूनही न बघता थेट वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभे राहायचे आणि मला विचारायचे, "सुखाभाई, गईकालनो उपवास सारो थयो ने?" मी म्हणायचो, "एकदम सारो, शेठ." मग ते वाघाला हात जोडायचे, माझ्या हातावर खडीसाखरेचे दोन खडे ठेवायचे आणि पेढीवर जायचे. मांसाहारी जनावरही आठवड्यातून एक दिवस उपास पाळतं, याचं त्यांना फार कौतुक होतं. वाघ उपास पाळत नाही, मी त्याला जेवायला देत नाही, हा फरक मी त्यांना कधी सांगितला नाही. चांगल्या माणसाचा आनंद कशाला घालवा!

तर त्या उपासाबद्दल लिहायचं आहे. मी सुरतेत तीस वर्षं कीपर होतो. मला भेटणारा प्रत्येक जण विचारतो की वाघाची भीती वाटत नव्हती का. वाघाची भीती कुलूप लावायला विसरणाऱ्याला वाटावी. मी कुलूप लावून ते दोनदा ओढून बघणारा माणूस आहे, अजूनही घराचं कुलूप दोनदा ओढतो. बायको म्हणते, आत काय सिंह आहे का?

आमचं काम बाहेरून फार शौर्याचं दिसतं. खरं म्हणजे ते झाडलोटीचं काम आहे. प्रत्येक पिंजऱ्याला मागे दोन खोल्या असतात आणि मधे सरकता दरवाजा. जनावर एका खोलीत घ्यायचं, दरवाजा पाडायचा, कुलूप लावायचं, ओढून बघायचं आणि मग दुसरी खोली धुवायची. धुण्याआधी शेण-विष्ठा नीट बघायची. डॉक्टर नाडी बघतो तसं आम्ही ते बघतो. जनावर काल काय जेवलं, पोट ठीक आहे का, सगळं त्यात कळतं. नवीन आलेल्या पोरांना याची किळस यायची. मी सांगायचो, बाबांनो, वाघ तुम्हाला तोंडानं काही सांगणार नाही, त्यानं जे मागे ठेवलंय तेवढंच वाचायचं.

आणि सोमवारी मांसाहारी जनावरांना उपास. जंगलात वाघाला रोज शिकार मिळत नाही. पिंजऱ्यात रोज वेळेवर ताट आलं आणि हालचाल काही नाही, की तो सुस्तावतो, त्याचं पोट बिघडतं. म्हणून एक दिवस पोटाला सुट्टी. सोमवारी प्राणिसंग्रहालयही लोकांना बंद असायचं, निम्मे कामगार रजेवर, डॉक्टरसाहेबही त्या दिवशी बहुधा येत नसत. डॉक्टरसाहेब म्हणजे आमचे सर्वांत वरचे अधिकारी, जनावरांचे डॉक्टर, सुरती माणूस, कमी बोलणारा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांच्या अक्षरातला तक्ता होता. वाघ, सिंह, बिबट्या, तरस, कोल्हा, सगळ्यांच्या पुढे सोमवारच्या रकान्यात एकच शब्द, उपवास.

मला हे फार आवडायचं. मी खानदेशातला, अमळनेरजवळच्या खेड्यातला. वडील पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये कापडाच्या रंगाच्या टाकीवर कामाला होते, त्यांच्यामागून आम्ही सगळे सुरतेत आलो. वडिलांचा सोमवार, आईचा सोमवार, माझाही सोमवार. मी मित्रांना ऐटीत सांगायचो की माझे वाघही सोमवार करतात. ही ऐट मला पुढे फार महागात पडली, म्हणजे खरं तर दुसऱ्याच कुणाला तरी महागात पडली.

ब्याण्णवचा पावसाळा संपला आणि हजिऱ्याकडच्या खाडीतल्या माछी लोकांच्या जाळ्यात पाणमांजरांची जोडी अडकली. त्यांनी ती मारली नाही, पोत्यात घालून आमच्याकडे आणली. आमच्यापैकी कुणी पाणमांजर जवळून पाहिलेलं नव्हतं. लांबट, तपकिरी, चपट्या शेपटीचं, मिशाळ जनावर, पाण्यात विजेसारखं आणि जमिनीवर उतरलं की ढेंगा टाकत चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. ती दोघं माझ्या वाट्याला आली. मी मादीचं नाव तापी ठेवलं आणि नराचं गिरणा.

"नरला नदीचं नाव?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं. ते माझ्याशी बोलताना जमेल तेवढं मराठी बोलायचे.

"साहेब, आमच्या खानदेशात गिरणा तापीला जाऊन मिळते."

साहेब हसले आणि रजिस्टरमध्ये तेच नाव चढलं. तक्त्यात एक नवी ओळ आली, मासे सकाळ-संध्याकाळ, आणि सोमवारच्या रकान्यात अर्थातच उपवास. मांसाहारी जनावर ना? मग त्याला नियम लागू.

सोमवारी तापी ओरडायची. पाणमांजराचं ओरडणं म्हणजे शिट्टी आणि रडणं यांच्या मधलं काहीतरी. सकाळी माझ्या गमबुटांचा आवाज आला की ती जाळीशी येऊन उभी राहायची, पुढचे दोन पंजे जाळीत अडकवून. मी रिकामे हात दाखवायचो. "आज सोमवार आहे बाई. मीपण उपाशी आहे." मला वाटायचं, लाडावली आहे. वाघ बिचारा गप्प पडून असतो आणि हिचंच काय एवढं!

पुढच्या वर्षी नवरात्रात तापीला तीन पिल्लं झाली. सुरतेत तोवर कुणी असं काही पाहिलं नव्हतं. साहेबांनी पेढे वाटले. पिल्लं डोळे मिटलेली, राखाडी, मुठीत मावतील एवढी. मी तिचे मासे वाढवले, दिवसाला जवळजवळ दुप्पट केले. फक्त सोमवार तेवढा पाळला. पहिल्या सोमवारनंतर ती थोडी उतरल्यासारखी वाटली. दुसऱ्यानंतर बरगड्या दिसायला लागल्या. मला वाटलं, बाळंतीण आहे, उतरणारच. चौथ्या सोमवारी ती दिवसभर जाळीपाशीच होती. पिल्लांकडे गेलीच नाही. मंगळवारी सकाळी मी बादली घेऊन गेलो तेव्हा ती तिथेच पंजे अडकवून उभी होती आणि आत बिळात तिन्ही पिल्लं थंड पडली होती.

साहेबांनी रजिस्टरमध्ये गुजरातीत एक ओळ लिहिली. आईने पिल्ले सोडून दिली, दूध पाजले नाही. मीही मान हलवली. मलाही तसंच वाटत होतं.

दोन दिवसांनी जमनाबेनला हे सांगितलं. मासळीचा ठेका दुसऱ्याकडे होता, पण डोक्यावर टोपली घेऊन रोज यायची ती जमनाबेन. तिचं माहेर हजिऱ्याकडचं, सासर नदीपलीकडे, प्राणिसंग्रहालयाच्या समोरच्या काठावर. पन्नाशीची, तोंडाची फटकळ, मासे मोजताना कधी हात आखडता न घेणारी. तिनं सगळं ऐकलं आणि टोपली खाली ठेवली.

"सोमवारे एने भूखी राखो छो?"

"सगळ्यांनाच उपवास असतो."

"हाय हाय! ए तो आखो दहाडो खाय. एने उपवास ना होय, भाई!" मग तिनं मला सांगितलं की तिच्या माहेरी ही जनावरं दिवसभर जाळ्यातले मासे पळवतात. खाल्लं की दोन-तीन तासांत पोट रिकामं, की पुन्हा पाण्यात. थंड पाण्यात राहणारं जनावर, त्याच्या अंगातली शेगडी सतत पेटती ठेवावी लागते. एक दिवस उपाशी ठेवलं की ते स्वतःलाच खायला लागतं. त्यात अंगावर पिणारी तीन पोरं.

वाघाचं पोट मी पाणमांजराला लावलं होतं. आणि वर तिला सांगत होतो, मीपण उपाशी आहे म्हणून.

त्या दिवशी मी साहेबांकडे जायला हवं होतं. नाही गेलो. गेलो असतो तर काय झालं असतं? साहेब ओरडले असते, फार तर मेमो मिळाला असता. पण एवढ्या वर्षांचा कीपर, विष्ठा बघून पोट सांगणारा, आणि तीन पिल्लं स्वतःच्या हातानं मारली, हे तोंडातून बाहेर पडेना. मी गुपचूप एवढंच सुरू केलं की रविवारचे थोडे मासे ओल्या गोणपाटात झाकून ठेवायचे आणि सोमवारी तापी-गिरणाला खायला घालायचे. भिंतीवरचा तक्ता तसाच राहिला. रजिस्टरमधली ओळही तशीच राहिली. मला त्याची लाज तेव्हाही वाटत होती आणि आजही वाटते.

त्या ओळीचा परिणाम मात्र थांबला नाही. दुसऱ्या एका प्राणिसंग्रहालयाला पाणमांजर हवं होतं, बदल्यात ते आपल्याला हरणांची जोडी देणार होते. साहेब म्हणाले, "सुखाभाई, आ मादी सारी मां नथी. पुढच्या खेपेलाही तिने असंच केलं तर तिला पाठवून देऊ. गिरणासाठी दुसरी बघू." मी "हो साहेब" म्हटलं आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन पिंजऱ्यांकडे वळलो. चांगली आई नाही म्हणे! तिची चूक असती तर मीही तिला सोडली असती.

चौऱ्याण्णवला गणपती बसायच्या आदल्या दिवशी तापीला पुन्हा पिल्लं झाली. दोन. मी दिवसातून पाच वेळा मासे द्यायला लागलो, सोमवारसुद्धा. जमनाबेन टोपलीच्या तळाशी फडक्यात बांधून दोन-चार मासे जास्तीचे आणायची आणि माझ्या हातात देऊन म्हणायची, "आ मारी दीकरीना," म्हणजे हे माझ्या लेकीचे. तापी गलेलठ्ठ झाली. पिल्लं तिच्या पोटाला चिकटलेली असायची. विसर्जनाच्या दिवशी मी मनातल्या मनात म्हटलं, आता ही कुठे जात नाही.

आणि मग सुरतेत प्लेग आला.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून पटणार नाही. दोन दिवसांत औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं. लोक तोंडाला रुमाल बांधून स्टेशनवर, ट्रकांवर, मिळेल त्या वाहनावर. लूम बंद, मार्केट बंद. आमच्या वस्तीतली खानदेशी, मराठवाड्यातली, वऱ्हाडातली माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन निघाली. अमळनेरकडे जाणारा एक ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा होता आणि माझी बायको मंगल दोन्ही पोरांचे हात धरून दारात उभी होती.

"आख्खी गल्ली खाली व्हई गयी, अनं तुम्ही आठेच बठशात?"

"मी नही येस. तापीले पिल्ले शेतस."

"अनं आपला पोरे कोना शेतस?"

बायकोला मी त्या पहिल्या पिल्लांबद्दलही काही सांगितलेलं नव्हतं. तिनं स्वतःच्या गाठोड्यातली गोळ्यांची अर्धी पट्टी तोडून माझ्या खिशात घातली आणि ट्रकमध्ये चढली. तोंडाला रुमाल बांधलेल्या मोठ्या पोरीनं हात हलवला. ट्रक दिसेनासा झाल्यावर मला भीती वाटली, चांगलीच वाटली. वाघाची कधी वाटली नव्हती तेवढी.

प्राणिसंग्रहालयात आम्ही चौघे उरलो. डॉक्टरसाहेब, मी आणि हरणं-पक्ष्यांकडचे दोन कामगार. मांसाचा ठेकेदार गेला, मासळीवाला गेला. वाघ-सिंहांना दोन दिवस काही मिळालं नाही. मग साहेबांनी स्कूटरवरून जाऊन एका पोल्ट्रीवाल्याकडून कोंबड्या आणल्या, गिऱ्हाईकच उरलं नाही म्हणून त्यानं हसत दिल्या. तापीपुढे मी कोंबडीचे तुकडे टाकले. तिनं वास घेतला आणि पंजानं पाण्यात ढकलून दिले.

वाचवलं जमनाबेननं. तिच्या गावानं वेशी बंद केल्या होत्या, सुरतेचा माणूस आत नाही आणि आतला सुरतेत नाही. ही बाई छोटी होडी घेऊन आमच्या काठाला यायची, पण पाऊल काठावर टाकायची नाही. मी नदीच्या पायरीवर बादली ठेवून वीस पावलं मागे जायचो. ती मासे बादलीत ओतायची, लांबूनच ओरडायची, "जिवे छे ने?" आणि होडी वळवायची. शनिवारी आली, रविवारी आली.

सोमवारी आली नाही. मी सकाळी दोन तास पायरीवर उभा होतो. समोरच्या काठावर काठ्या घेतलेली माणसं दिसत होती. कुणीतरी तिला पाहिलं असणार आणि होडी बांधून टाकली असणार. रविवारचे उरलेले मासे उकाड्यानं खराब झाले होते. बादली रिकामी घेऊन मी परत आलो तेव्हा तापी जाळीला पंजे अडकवून उभी होती. अगदी तशीच. आत पिल्लं चिरचिर करत होती आणि ती तिकडे वळूनही बघत नव्हती.

मी साहेबांच्या ऑफिसात धावत गेलो. ते तोंडावर रुमाल बांधून काहीतरी लिहीत होते.

"साहेब, स्कूटर काढा. तापीला मासे पाहिजेत. आत्ता."

त्यांनी वर पाहिलं. "आजे तो सोमवार छे. एने तो आमेय उपवास ने?"

असं ते अगदी सहज बोलले, तक्ता त्यांच्याच हातचा होता. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. आधीची तीन पिल्लं कशी गेली, जमनाबेन काय म्हणाली, वर्षभर मी सोमवारी चोरून काय करत होतो आणि रजिस्टरमधली ओळ खोटी आहे हे माहीत असून मी कसा गप्प बसलो. बोलताना मी रडत होतो. रुमालामुळे ते त्यांना किती दिसलं, ठाऊक नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "स्कूटर घेऊन कुठे जाणार? बजार आखी बंध छे." उठून खिडकीशी गेले. खिडकीतून बदकांचं तळं दिसायचं, कमळांनी भरलेलं, लोक फोटो काढायचे ते. "सुखाभाई, आमां माछली छे ने?"

मासे होते. वर्षानुवर्षं कुणी पकडले नव्हते म्हणून चांगले वाढलेले. फक्त जाळं नव्हतं. पक्ष्यांच्या मोकळ्या पिंजऱ्यावर टाकायची एक जुनी नायलॉनची जाळी मी काढली. साहेबांनी पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडली, बूट काठावर ठेवले, घड्याळ बुटात ठेवलं आणि चिखलात उतरले. मी आयुष्यात पहिल्यांदा एका अधिकाऱ्याला जाळीचं एक टोक धरून कमळांतून चालताना पाहिलं. दोनदा ते पडले. बदकांनी एवढा गोंगाट केला की दोन्ही कामगार धावत आले आणि साहेबांना पाण्यात बघून तसेच काठावर उभे राहिले. "जोया शुं करो छो, पकडो!" साहेब ओरडले.

तिसऱ्या खेपेला जाळीत वळवळ झाली. सात-आठ मासे, तळव्याएवढे. मी ते शर्टात गुंडाळून धावलो, साहेब मागून चिखल झटकत. तापीनं पहिला मासा माझ्या हातातून ओढला, दुसरा खाली पडायच्या आत पकडला. पाच मासे खाल्ल्यावर ती थांबली. तोंड पुसल्यासारखं केलं. सहावा तोंडात धरून आत बिळात गेली आणि पिल्लांभोवती वेटोळं घालून पडली. साहेब आणि मी जाळीबाहेर जमिनीवर बसून राहिलो. दोघांच्याही अंगाला शेवाळाचा वास येत होता.

जमनाबेन बुधवारी पुन्हा आली. गावानं होडी सोडली नाही म्हणून रागारागानं भावाची आणली होती. तोवर तळ्यानं निभावून नेलं. दहा-बारा दिवसांत गाड्या उलट्या दिशेनं भरून यायला लागल्या. मंगल आणि पोरं परतली. दोन्ही पिल्लं जगली. तापी कुठेही गेली नाही. पुढे तिला आणखी पिल्लं झाली, त्यांतली काही इतर शहरांत गेली, आणि पाणमांजर कसं वाढवायचं हे विचारायला लांबून लोक सुरतेला यायला लागले. साहेब त्यांना माझ्याकडे पाठवायचे. मी सगळं सांगायचो, पण सुरुवात नेहमी त्या तीन पिल्लांपासून करायचो. ते ऐकून लोक थोडे अस्वस्थ व्हायचे. ते व्हायलाच हवेत.

पण एक गोष्ट त्याच सोमवारची राहिली आहे. तळ्यावरून आल्यावर साहेबांनी हात धुतले, आदल्या वर्षीचं रजिस्टर काढलं आणि ती ओळ उघडून माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, आता मेमो. त्यांनी पेन दिलं.

"तमे लखो."

"साहेब, मला गुजराती लिहिता येत नाही."

"तमारी भाषामां लखो."

माझे हात ओले होते, कागदाला डाग पडला. त्या ओळीखाली मी लिहिलं, आईचा दोष नव्हता, कीपरने तिला उपाशी ठेवले होते. त्या सगळ्या गुजराती रजिस्टरमध्ये मराठीतली तेवढी एकच ओळ आहे. खाली सही केली, तारीख घातली आणि वार लिहिला. सोमवार.